शनिवारी चार ते सहा समाजमंदिर पोरींचं, एवढं लिहून द्या की

संपादकसाहेब, नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगते. कापायचं तिथं कापा पण शेवटचा रंगाचा मुद्दा तेवढा ठेवा, त्याला घाई आहे.

मी सांगलीची, गावभागाकडं नदीच्या अंगाला राहते. घरात शिलाई मशीन आहे, ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे ड्रेस असली कामं घेते. आणि २०२२ च्या जूनपासून दर शनिवारी चार ते सहा, आमच्या गल्लीच्या तोंडाला जे समाजमंदिर आहे तिथं पोरींचा क्लब घेते. मी नाव ठेवलेलं बालिका मंडळ, तर पोरी म्हणल्या काकू ते हळदीकुंकवाचं वाटतंय, क्लब म्हणूया. बरं बाई, क्लब. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या तेवीस पोरी वहीत आहेत, येतात चौदा-पंधरा, परीक्षा जवळ आली की सहा.

मुलींच्या कार्यक्रमांचे फोटो आपल्या पेपरात बघते मी. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार, ८ मार्चला व्याख्यान, ११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिनाची रॅली, पोरी पुढं मांडी घालून बसलेल्या आणि पाहुणे मागं उभे. वाईट म्हणत नाही मी, आमच्या पोरीपण एका रॅलीला जाऊन घोषणा देऊन बिस्किटपुडा घेऊन आल्यात. पण बाकीचे ३६२ दिवस पोरींनी कुठं बसायचं ते कुणी सांगत नाही, मला त्याच्यावरच बोलायचंय.

आता बघा, आमच्या भागात पोरगं बारा-तेरा वर्षांचं झालं की त्याला जागा किती. कट्टा आहे, तालीम आहे, मंडळाचा गाळा आहे, घाटाच्या पायऱ्या आहेत, आणि काही नाही तर पानपट्टीसमोर गाडी स्टँडला लावून तिच्यावर बसायचं. कुठं चाललास म्हणलं की "जरा बाहेर" एवढ्यावर भागतं त्याचं. पोरीला "जरा बाहेर" चालत नाही. क्लासला चालले, दळण आणायला चालले, मैत्रिणीची वही द्यायला चालले, कायतरी कारण हातात धरूनच उंबरा ओलांडायचा. आमच्यात आठवीतली एक आहे, ती दर शनिवारी एक दोनशे पानी वही घेऊन येती, पाचवीपासून बघतेय, वहीत अक्षर नाही. विचारलं तर म्हणली, काकू ती आजीला दाखवायला असती.

सुरवातीला मीपण चुकले. मला वाटलं पोरी गोळा केल्या म्हणजे त्यांना कायतरी शिकवलंच पाहिजे, म्हणून मेंदी, रांगोळी, भरतकाम, रुखवताच्या वस्तू, आणि वर अर्धा तास चांगल्या सवयींवर माझं भाषण. ऑगस्टात वीस पोरी होत्या, दिवाळीनंतर चार राहिल्या आणि त्यातली एक माझी भाचीच. मग एका शनिवारी माझा घसा पार बसलेला, आवाजच निघेना, म्हणून नुसती सतरंजी टाकली आणि ऑर्डरीतल्या शर्टांना बटणं लावत कोपऱ्यात बसले, तर त्या दिवशी साडेसहा वाजले तरी एक उठायला तयार नाही. आमची काकू आज बोलली नाही हे गल्लीत पसरलं बहुतेक, कारण पुढच्या शनिवारी नऊ आल्या. तेव्हापासून मी बटणंच लावते. कुणाला बोलायचं असलं की ती हळूच येऊन शेजारी बसती आणि सगळं बोलणं बटणाकडं बघत करती, माझ्या तोंडाकडं बघत नाही. मीपण बघत नाही.

काय बोलतात म्हणाल तर सगळंच, पण एक सांगते. शाळेत पोरींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळती, तुम्हाला माहीत असंल. एकीच्या कंपासपेटीत मला अकरा गोळ्या सापडल्या. सापडल्या म्हणजे तिनंच पेटी उघडून दाखवली. का घेत नाहीस तर म्हणली मळमळतं, आणि गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी संडास काळी होती, तिला वाटायचं पोटात रक्त साचलंय, म्हणून भिऊन घरीपण बोलली नाही. तीन महिने हे पोरगं मनात मरणाची भीती घेऊन हिंडत होतं. ओळखीच्या एक आरोग्यसेविका आहेत, त्यांना हातापाया पडून एका शनिवारी आणलं. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं की काळी होणं हे गोळीनं होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, गोळी उपाशीपोटी घेऊ नका जेवणानंतर घ्या, चहाबरोबर तर बिलकूल नको कारण चहा लोह अंगाला लागू देत नाही, उलट लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर जास्त लागतं. रक्त पण तपासलं. हिमोग्लोबिन बारा पाहिजे, आणि बारा ओलांडलेल्या आमच्यात तिघीच निघाल्या. आता आमच्या भडंगावर लिंबू पिळल्याशिवाय पोरी हात लावत नाहीत, आणि चार वाजताचा चहा मी बंद केला, त्याचा मलाच जास्त त्रास झाला.

दाराच्या मागच्या बाजूला पोरींनी १०९८ नंबर लिहिलाय, ऑइलपेंटनं, खडूचा पुसला जायचा म्हणून. लहान मुलांसाठीचा फुकटचा नंबर आहे, रात्री-अपरात्री पण लागतो. अठराच्या आत पोरीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे हे आपल्याला सगळ्यांना पाठ आहे, पण "पाहुणे नुसते बघून जाणार आहेत" असं घरात चालू झालं की नववीतल्या पोरीनं कुणाला सांगायचं हे कुणाला पाठ नसतं. तो नंबर एकदा लागला. जास्त लिहीत नाही, ती पोरगी आता दहावीला आहे, तिला दहावी करू दे.

तर असा हा क्लब, आणि त्याची सगळी गंमत एका किल्लीवर. किल्ली असती अण्णांकडं. अण्णा माणूस वाईट नाही, माझ्या सासऱ्यांच्या वयाचे आहेत, त्यांचं म्हणणं साधं आहे की हॉल भाड्यानं दिला तर लाईटबिल निघतं, झाडणाऱ्या बाईचा पगार निघतो, तुमच्या पोरींकडून काय निघतं. त्यांचंही अगदीच चुकत नाही. पण बारसं, साखरपुडा, वाढदिवस, हळद, कुणाची तरी मीटिंग, कुठलंही बुकिंग आलं की पहिलं उचलायचं कोण, तर शनिवारच्या पोरी. आणि कळतं कधी, तर चार वाजता दारात गेल्यावर. गेल्या वर्षभरात असं किती वेळा झालं ते माझ्या वहीत आहे, सतरा वेळा. हॉल सरकारी पैशातून झालाय, बाहेर तशी पाटी आहे, पाटीवर नावंपण भरपूर आहेत, माझं एवढंच म्हणणं की त्या पैशात पोरींचापण वाटा आहे की नाही.

आता नाटकाचं सांगते. आपल्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणायचं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला पहिलं नाटक केलं ते आपण अजून सांगतो, तर पोरी म्हणल्या आपणपण नाटक बसवू. विषय मी सुचवला, हौसाताई पाटील. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेक, प्रतिसरकारच्या काळातल्या, २०२१ ला गेल्या. १९४३ ची गोष्ट, भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर त्यांनी आणि साथीदारानं मुद्दाम भांडणाचा तमाशा केला, मारहाण, आरडाओरडा, पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातली हत्यारं लांबवली. पोरींना ही गोष्ट इतकी आवडली की विचारू नका. पोलिस व्हायला सगळ्या तयार कारण पट्टा आणि शिट्टी मिळती, मार खायला पण तयार, पण मारणारा गडी व्हायला एक पुढं येईना. शेवटी ती कोऱ्या वहीवाली झाली. बंदुका म्हणून घरोघरची लाटणी.

तालमीचा शनिवार आला, आम्ही गेलो तर आत हळद. डीजे लागलेला, दारात मांडव. अण्णा म्हणले पुढच्या शनिवारी या. आणि आमची पत्र्याची पेटी आत कपाटाशेजारी. पेटीत पट्टे, लाटणी, वह्या, पॅडचे पुडे, सगळा संसार. मी म्हणलं जाऊ दे पोरींनो, घरी जावा. त्या म्हणल्या काकू आम्ही पायरीवरच करतो तालीम, तुम्ही बसा. आणि मग जे भांडण सुरू झालं ते काय सांगू. कोऱ्या वहीवालीनं जो आवाज काढला तो तिच्या अंगात कुठं होता देव जाणे, दुसरीचा हात पिरगाळला, दुसरीनं भोकाड पसरलं, समोरच्या घरातली म्हातारी काठी घेऊन बाहेर, डीजे बंद पडला, हळदीचे पाव्हणे हळद लागलेल्या अंगानं दारात, नवरदेव सुद्धा आला, "अगं ए, काय झालं, सोड तिला, सोड" म्हणून चार बायका मध्ये पडल्या. मी ओरडतेय की नाटक आहे ओ नाटक आहे, ऐकतंय कोण. आणि एवढ्या गोंधळात माझं लक्ष गेलं तर सहावीतल्या दोघी चिंगळ्या पत्र्याची पेटी दोन्ही बाजूंनी धरून पाव्हण्यांच्या मागून बाहेर निघालेल्या.

ठरवून केलं का ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. अण्णांनी मला दुसऱ्या दिवशी चांगलंच झापलं, मी ऐकून घेतलं, हळदीच्या घरी जाऊन माफी पण मागितली, त्यांनी वर मला लाडू दिले. पण संपादकसाहेब, जी पेटी आमचीच आहे ती आमच्याच समाजमंदिरातून पळवून आणायची वेळ का यावी.

क्रिकेटचं असंच. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी वर्ल्डकप घेतला, नवी मुंबईत, आणि स्मृती मानधना तर आपल्या माधवनगरची, त्या रात्री आमच्या गल्लीत जे फटाके वाजले तेवढे दिवाळीला वाजले नव्हते. कोपऱ्यावर सांगलीची लेक म्हणून फ्लेक्स लागला. त्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या पोरी बॅट घेऊन मैदानावर गेल्या, बरोबर त्या फ्लेक्सच्या खाली, तर पोरं म्हणली आमची मॅच चाललीय, अंधार पडल्यावर या. अंधार पडल्यावर त्यांना घरातनं कोण सोडणार. ही पोरगी नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या टीममध्ये गेली, भावाची प्रॅक्टिस बघून शिकली, तिला कुणीतरी घरचं माणूस रोज ग्राउंडवर घेऊन जाणारं होतं म्हणून. सगळ्यांच्या घरी तसं माणूस नसतं. मग हॉलमध्येच खेळतात, प्लॅस्टिकच्या बॉलनं, ट्यूबलाईटला लागला की आऊट.

आणि आता त्या दोन रेघा. आमच्या समाजमंदिराच्या आतल्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा आहेत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते आपण कुणी विसरणार नाही, मी स्वतः दोन मशिनी त्या पाण्यात घालवल्या. २०२१ च्या जुलैचं पाणी त्याच्यापेक्षा कमी होतं. कुणीतरी त्या वेळी निळ्या रंगानं दोन्हीच्या रेघा मारून ठेवल्या, २०२१ ची माझ्या मांडीशी येती, २०१९ ची पाच फुटाला दोन-तीन बोटं कमी. पोरी त्या वरच्या रेघेला पाठ लावून उंची बघतात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी. पेन्सिलीनं खूण, बाजूला तारीख. डोकं रेघेच्या वर गेलं की म्हणायचं "ही पुराच्या वर गेली" आणि त्या दिवशी भडंग तिच्याकडून. आतापर्यंत नऊजणी गेल्यात. लहान पोरी तर येता-जाता टाचा उचलून बघतात, मी पट्टी आडवी धरते डोक्यावर म्हणून बरं.

गेल्या पावसाळ्यात सातवीतली एक वर गेली. दोन बोटं चांगली. भडंग आणलं, टाळ्या झाल्या. पुढच्या शनिवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग मी घरी गेले. तिच्या आईनं चहा टाकला, बसा म्हणली, आणि जरा वेळानं म्हणली, "काकू, मोठी झाली ओ ती आता. घरात बसून काय करती मलापण दिसतंय. पण तिथं संडासला आतनं कडी नाही, पाणी नाही, त्या चार दिवसांत पोरीनं काय करायचं? आणि हॉलवर कोण ना कोण आलेलं-गेलेलं असतं. तिचे पप्पा नको म्हणतात." पोरगी आत होती, बाहेर आली नाही. मला त्या बाईला काय उत्तर द्यायचं सुचलं नाही, कारण कडी नाही हे खरंच आहे. मी एकदा स्वतः कडी आणून बसवली होती, शंभराच्या आतलं काम, पुढच्याच कार्यक्रमात कुणीतरी ओढून तोडली. परत बसवली, परत तुटली. आता त्या भोकात आम्ही सुतळी घालतो आणि आत जाणारी ती सुतळी हातात धरून बसती, बाहेर एक मैत्रीण उभी. शंभर पोरींना स्वच्छतेवर व्याख्यान द्यायला माणसं येतात, एक कडी बसवून ती टिकती का बघायला कुणी येत नाही.

म्हणून मागणं असं आहे, तुमच्या पेपरातून ज्यांच्याकडं जायचं त्यांच्याकडं जावं. कुणाचं नाव घेत नाही, ज्यांचं आहे त्यांना कळेल. बाहेर जो बुकिंगचा फलक आहे त्याच्यावर रंगानं लिहा की शनिवारी चार ते सहा पोरींसाठी, या वेळेत बुकिंग नाही. हळदी सहानंतर घ्या, तशाही हळदी वेळेवर कुठं सुरू होतात. किल्लीची एक डुप्लिकेट मला किंवा भागातल्या कुठल्याही जबाबदार बाईला द्या, मीच पाहिजे असं नाही, माझे गुडघे आता बोलायला लागलेत. संडासला कडी आणि पाणी. भाडं पाहिजे असलं तर तेही सांगा, पिकोच्या पैशातून महिन्याला काय जमंल ते देईन, फुकट नको. ऑफिसात अर्ज दिलाय, पोच घेतलीय, तीन महिने झाले. तिथल्या साहेबांनी विचारलं की क्लबचा उद्देश काय लिहू. मी म्हणलं बसणं. ते हसले आणि कौशल्य विकास असं लिहिलं.

आता तो रंगाचा मुद्दा. पुढच्या आठवड्यात समाजमंदिराला आतनं-बाहेरनं रंग द्यायचं ठरलंय असं अण्णा सांगत होते, पेंटर येऊन मापं घेऊन गेला. चांगली गोष्ट आहे, भिंतींची पापडं सुटलीत. पण दाराच्या डाव्या हाताची भिंत, जिथं निळ्या रेघा आहेत आणि त्यांच्या खाली-वर पेन्सिलीच्या खुणा, तेवढी हातभर पट्टी ब्रश न लावता सोडायला सांगा. अण्णांना मी सांगितलंय, ते म्हणले पेंटरला सांगा, पेंटर म्हणला अण्णांना सांगा. तीन पोरी रेघेच्या जवळ आल्यात, एक तर बोटभरच कमी आहे, पहिल्या शनिवारची वाट बघतेय.

आपली,
समाजमंदिरातली काकू, सांगली